वाटेकरी

सदा गुरवाची बोटं मोडली त्या दुपारी प्रमिला मेस्त्री चहा गाळत होती. डाव्या दंडात एकाएकी अशी कळ आली की गाळणं हातातून सुटून मोरीत गेलं आणि चहा ओट्यावरून जमिनीवर ओघळला. ती ओरडली नाही. पदराचा बोळा दातांत धरून खाली बसली, पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले. सर्वेशच्या जन्माच्या वेळी नर्सबाईंनी सांगितलं होतं, कळ आली की तिच्याशी भांडायचं नाही, येऊ द्यायची. तशीच ती बसली. येऊ दे, माझ्याकडे जेवढी येईल तेवढी पोराकडे कमी जाईल.

कळा ओळीनं आल्या, मध्ये जरा थांबून, कुणी मोजून मारावं तशा. मग बंद झाल्या. तिनं ओटा पुसला आणि पुन्हा आधण ठेवलं.

संध्याकाळी सर्वेश घरी आला. अंगणात पाय धुतले, आत येऊन आईच्या दंडावरचा पट्टा बोटानं जरा सैल केला. खाली कातडी लाल दिसत होती.

“लय लागला काय गो?”

“मुंगी चावल्यासारखा. जेवक बस.”

तो हसला. पोरगा असा मोकळं हसला की तिला दिवसाचं सार्थक वाटायचं. कळ कशाची होती हे तिनं विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. फोनवर कुठे कुणाशी तरी पोरांचं वाजलं असेल, असंच सगळ्या आया धरून चालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेवालीनं टोपली उतरवता उतरवता सांगितलं. चौघांनी तोंडाला फडकी बांधून सदा गुरवाला त्याच्याच गोठ्यात गाठलं, उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि मुसळानं एकेक बोट ठेचलं. सदा म्हणजे प्रमिलाच्या थोरल्या भावाचा, अनंतबुवा बांबर्डेकरांचा पखवाजी. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात वाजवायला तोच होता.

“कधी झाला ह्या?” प्रमिलानं विचारलं.

“काल. चायच्या वेळेक.”

प्रमिलाच्या हातात बांगडे होते. ते तिनं परत टोपलीत ठेवले.

डबलबारी म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगायला हवं. दोन भजनीबुवा मांडवात समोरासमोर बसतात. प्रत्येकाची पेटी वेगळी, पखवाजी वेगळा, मागे झांज आणि कोरस. आधी देवाचं नाव, मग अभंग, मग गजर. गजरात एकानं दुसऱ्याला टोचायचं आणि दुसऱ्यानं त्याच तालात उत्तर द्यायचं. आवाजावरून, टकलावरून, गुरूवरून. ऐकणारेही दोन्ही बाजूंना वाटलेले. प्रमिला लहान असताना वडिलांचं बोट धरून मैलोन् मैल चालत बारीला गेली होती. मागून त्या बारीची कॅसेट यायची, आणि टेप पुन्हा पुन्हा मागे नेऊन तेच गजर ऐकत एस.टी. स्टँडवरच्या टपरीत माणसं हमरीतुमरीवर यायची. एकदा तिच्या चुलत्यानं रागाच्या भरात समोरच्याच्या अंगावर कपभर चहा ओतला. पण ओतण्याआधी फुंकून गार केला होता, असं लोक अजून सांगतात.

तिचा नवरा दिलीप शैलेशबुवा कुणकेरकरांचा चाहता, आणि सख्खा भाऊ अनंतबुवा हा त्याच कुणकेरकरांच्या समोर बसणारा. दोघं एका पंगतीत आले की प्रमिलाला वाढायचं सोडून ऐकत उभं राहावं लागे.

“भावोजी, तुमचो बुवा परवा वरच्या पट्टीत गेलो तो अजून खाली इल्लो नाय म्हणतत.”

“तुमचो आवाज वर गेलोच नाय, म्हणान खाली येवचो प्रश्न नाय.”

मग दोघं एकाच चटईवर घोरत पडायचे. सर्वेश लहान असतानाच दिलीप गेला. बापाची कलमं, बापाची मोटारसायकल आणि बापाचा बुवा, एवढं त्याच्याकडे आलं. त्यातला बुवा त्यानं सगळ्यात जपला.

तोवर टपरी उठून फोनात गेली होती. फोनात समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून चहा गार करायचं कुणाला सुचत नाही. कुणाची मेलेली आई, कुणाची शाळेतली मुलगी, कशालाच धरबंध राहिला नाही. किनाऱ्याकडचे एक वयस्क बुवा असलं काही महिनोन् महिने वाचत राहिले, आणि एके सकाळी विहिरीत उतरले ते वर आलेच नाहीत.

त्यानंतर पुण्यातल्या काही हुशार मुलांनी ‘पडसाद’ नावाचं ॲप काढलं. त्यांचा विचार सरळ होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, मग ते जाळणाऱ्यालाही कळू दे. माणूस दुखावला की शरीर ते लपवू शकत नाही. नाडी धावते, घाम सुटतो, श्वास अडतो, स्नायू आवळतात. दंडावरचा पट्टा हे सगळं मोजतो आणि त्याचा एक आकडा करतो. ज्यानं दुखवलं त्याच्या पट्ट्याला तो आकडा जातो. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूच्या दोन टिकल्या असतात. त्यांतून बारीकशी वीज दंडातल्या नसेला मिळते आणि मेंदूला वाटतं की खरंच काही तरी लागलं. कातडीवर ओरखडा नाही, पण दुखणं खरं. बाऱ्याही आता पडसादवरच दिसत, तिथे पट्टा बांधल्याशिवाय कुणाला काही लिहिता येईना, आणि आयोजकही पट्टा न बांधणाऱ्या बुवाला की पखवाज्याला बारी देईनात.

पहिले काही महिने जादू झाली. शिव्या आटल्या. प्रमिलालाही वाटलं, बरं झालं, आता पोरं माणसात येतील.

पण त्या मुलांनी पट्टा तपासला होता कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर, वातानुकूलित खोलीत. चटका बसला की विद्यार्थी हात आखडता घेत. जत्रेत तापल्या कातळावर देवळाभोवती लोटांगण घालणारा माणूस त्यांनी तपासला नव्हता. आपल्याकडे देवासाठी अंग सोलून घेणाऱ्याला लोक वाट देतात, त्याच्या पायाखालची माती कपाळाला लावतात. कुणकेरकरांच्या एका मुंबईकर चाहत्यानं अनंतबुवांना काही तरी घाणेरडं लिहिलं, चटका खाल्ला, आणि डोळ्यांत पाणी आलेला स्वतःचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘बुवांसाठी सोसलं’. हजारो लोकांनी हात जोडले. तिथून सगळं उलटं फिरलं.

ज्याला जास्त दुखेल त्याची भक्ती मोठी. आणि दुखणार तितकंच, जितकं समोरच्याला दुखलं. मग भक्ती वाढवायची तर काय करायला हवं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. बुवांची कातडी निबर झाली, शब्दांनी आकडा चढेना, तेव्हा दगड आले. पट्ट्याला काय, तो शब्द आणि दगड यांत फरक करत नाही. दोन पट्टे जवळ आले की एकमेकांना ओळखतात आणि एकाचं दुखणं दुसऱ्याकडे पोचवतात.

त्यात कंपनीनं कनवाळूपणे एक सोय ठेवलेली होती. एखाद्या अजाण माणसाला चटका झेपला नाही तर दुसऱ्यांनी तो वाटून घ्यावा. असे वाटून घेणारे ते वाटेकरी. पोरांनी मारायचं आणि मुंबईपासून दुबईपर्यंत बसलेल्या हजारो वाटेकऱ्यांनी चिमटाभर चिमटाभर घ्यायचं, प्रसादासारखं. एवढ्या जणांत वाटलं की दगडाचं वजन ते किती राहणार?

म्होरक्या पोरांनी मात्र बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन आपल्या पट्ट्यांचं कुलूप तोडून घेतलं होतं. कंपनीनं घातलेली मर्यादा त्यांना लाज वाटायला लावायची. साध्या पट्ट्यात चिमट्यापलीकडे काही जात नाही, उरलेलं सगळं कुलूप तोडलेल्या पट्ट्यांकडे वळतं. हे कळल्यावर त्यांच्या आयांनी काय करावं? त्याही त्याच दुकानात गेल्या. उज्ज्वला परब आपल्या केतनसाठी गेली, तिच्या मागून दुसरी, तिसरी, आणि प्रमिला सर्वेशसाठी. दुकानदारानं सांगितलं, आज्यानू, दुखात हां. त्यावर उज्ज्वला म्हणाली, “मेल्या, चार बाळंतपणा केलंय. तू माका दुखण्याचा सांगतंस?” सगळ्या हसल्या. येताना त्यांनी भजी खाल्ली.

सदाचं कळलं त्या दिवशी प्रमिलानं सर्वेशला दारातच अडवलं.

“गोठ्यात तू होतंस?”

सर्वेशनं चपला काढल्या, नीट भिंतीशी लावल्या.

“आमी होतंव,” तो म्हणाला. “सात-आठ हजार माणसा होती आये. तू पण होतंस.”

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. जोरानं मारली. त्याच क्षणी तिच्या दंडात सणक आली, कारण दुखणं त्याला झालं होतं आणि दुखवणारी ती होती. सर्वेशनं गालाला हातही लावला नाही. तो बघत राहिला, जरा कौतुकानंच.

“बघ,” तो म्हणाला. “तुया पण सोसलंस.”

त्या दिवशी ती पट्टा काढायला गेली आणि थांबली. काढला तर तिचा वाटा कुठे जाणार हे तिला पाठ होतं. पोरगा काही थांबणार नाही, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मग निदान त्याचा जीव तरी जपावा, असं मनाला समजावून तिनं पट्टा परत घट्ट केला. सदाकडे ती गेली. त्याची बायको दारात आली, प्रमिलाच्या दंडाकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

पोलिसांनी चौकशी केली. फडकं बांधलेल्या चौघांना कुणी ओळखलं नव्हतं, आणि सात-आठ हजारांना कसं पकडायचं हे कुठल्या कलमात लिहिलेलं नव्हतं. स्वतः शैलेशबुवा कुणकेरकर फोनवर येऊन रडले. म्हणाले, सदा माझ्याही बारीला वाजवून गेलेला माणूस, त्याच्या बोटांत देव होता, माझ्या नावानं असलं करू नका. त्यांच्या चाहत्यांनी ते बघितलं आणि ठरवलं की बुवा मोठ्या मनाचे आहेत म्हणूनच त्यांच्यासाठी सोसायला हवं. कुणी असंही लिहिलं की बुवांना यातलं काही कळत नाही, त्यांनी गावं आणि बाकीचं आमच्यावर सोडावं.

सदाच्या जागी नवा पखवाजी घेऊन अनंतबुवा पुढच्या रविवारी सकाळच्या बारीला बसले. बाऱ्या आताशा दिवसाच होत, मुंबई-दुबईच्या लोकांना सुट्टीत बघता यावं म्हणून. साठी ओलांडलेला माणूस, आवाज थोडा फाटलेला, पण गजरात अजून विंचू. त्यांनी पेटीवरचा हात थांबवला, समोर कुणकेरकरांकडे नाही तर त्यांच्या मागे बसलेल्या पोरांकडे बघितलं आणि उचललं:

गळ्यात नाही वीणा ज्याच्या, दंडाला बांधी पट्टा,
बैल म्हणे मी भक्त झालो, मालक करितो थट्टा.

कोरसनं झांजा वाजवत ते पाच वेळा फिरवलं. कुणकेरकरबुवा खळखळून हसले आणि त्यांनी दाद दिली. मागची पोरं हसली नाहीत. सर्वेश पहिल्या ओळीत होता.

तो दुपारी लवकर घरी आला. प्रमिला आडाळ्यावर खोबरं खवत होती.

“मामा आज जेवक येतलो मां?” त्यानं विचारलं.

कित्येक महिन्यांनी त्यानं मामाचं नाव घेतलं होतं. तिच्या हाताला उत्साह आला.

“येतलो. बारीचो म्हणान उशीर होयत. व्हाळाकडल्या वाटेन येतलो, रस्तो खणल्यानी हा मां. तू पण थांब, तिघा मिळान जेवया.”

“मी इलंयच,” सर्वेश म्हणाला आणि निघून गेला.

तिनं आणखी एक नारळ फोडला. वडे तळायचे होते, सागोतीला वाटप लावायचं होतं. अनंताला आंबट सोलकढी लागते, सर्वेशला लसूण घातलेली. दोन वेगळ्या करायच्या असं ठरवून ती कोकमं भिजत घालत होती तेव्हा पहिली कळ आली.

ती सवयीनं भिंतीशी बसली. येऊ दे. दुसरी आली तेव्हा तिनं पदर दातांत धरला. ही कळ मोठी होती, हाडापर्यंत जाणारी. दंडापासून बोटांपर्यंत सगळा हात कुणी वरवंट्याखाली घ्यावा तसा. केतन आणि सगळे परत कुणाच्या तरी मागे लागलेत, तिच्या मनात आलं, देवा, माझ्या पोराला सांभाळ.

फोन वाजला. उज्ज्वला होती, आणि तीही दात आवळून बोलत होती.

“पमाताई, बघतंस काय गो? साकवार कोण तो? तुझो भाव मां?”

प्रमिलानं फोनवर पडसाद उघडलं.

व्हाळावरचा साकव, ओढ्यावरचा तो फळ्यांचा पूल, तिनं ओळखला. मोटारसायकल आडवी पडली होती. साकवाच्या कठड्यावर एक हात दाबून धरलेला होता, आणि त्या हाताचं मनगट ती कुठेही ओळखली असती. लहानपणी विहिरीवर तिला पडताना पकडलेला हात. दोन बोटं आधीच भलत्या दिशेला वळलेली होती. अनंत गुडघ्यांवर होता, तोंडातून रक्त गळत होतं, आणि तो ओरडत नव्हता. केतननं त्याचे केस धरले होते. समोर सर्वेश. तोंडाला फडकं नव्हतं. हातात व्हाळातला गुळगुळीत दगड. पडद्याच्या कोपऱ्यात वाटेकऱ्यांचा आकडा चढत होता आणि खाली माणसं हात जोडत होती.

“पेटी वाजवतंस मां?” सर्वेश म्हणत होता. “वाजव. बैल ऐकतत.”

दगड खाली आला. आवाज फोनातून आला आणि कळ दंडातून, दोन्ही एकदम. प्रमिला आडवी पडली. भावाचं बोट मोडलेलं तिला भावाच्याच शरीरातून कळलं, आणि तेव्हाच दुसरंही कळलं. सर्वेशचा चेहरा शांत होता. घाम नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्याला काहीच दुखत नव्हतं. ते सगळं इथे होतं, तिच्याकडे, उज्ज्वलाकडे, आणि आणखी सहा-सात स्वयंपाकघरांत बसलेल्या बायकांकडे. त्या सोसत होत्या म्हणून तो दगड उचलू शकत होता.

साकवापर्यंत धावत जायला वेळ नव्हता. सर्वेशनं दुसरा हात पुढे ओढायला सांगितलं होतं. दुसरा हात गेला की पेटी संपली. आणि हातांवर तो थांबेल याची तरी खात्री काय? त्यानं एकदा दगड तोलून अनंताच्या गळ्याकडे बघितलं होतं, ते तिनं बघितलं होतं. ज्या गळ्यातून ते शब्द आले तो गळा.

तिनं आपला पट्टा उपसून काढला. काही झालं नाही. बाकीच्यांनी तिचा वाटा उचलला.

आयांचा एक गट होता फोनवर. कुणाचा पोरगा जेवला नाही, कुणाच्या पट्ट्याची बॅटरी उतरली, असलं त्यात चालायचं. प्रमिलानं त्यात आवाज टाकला. आपला आवाज तिला अनोळखी वाटला.

“मी प्रमिला बोलतंय. पट्टे काढा सगळ्यांनी. आताच्या आता काढा.”

उज्ज्वलाचा फोन लगेच आला.

“पमाताई, खुळावलंस काय? आमी काढलंव तर सगळा सर्वेशार जातला. दगड तेच्या हातात आसा. तेच्या पट्ट्याक कुलूप नाय.”

“माका म्हायत आसा.”

“मरात गो तो.”

प्रमिलानं पडद्याकडे बघितलं. अनंताचा डावा हात कठड्यावर आला होता.

“काढ उज्ज्वला,” ती म्हणाली. “झिल माझो आसा. मी सांगतंय, काढ.”

पलीकडून वेल्क्रो सुटल्याचा आवाज आला, फडकं फाटावं तसा. गटात एकेकीनं लिहिलं, काढला. काढलंय. आमी पण.

सर्वेशनं दगड उचलला होता आणि तो खाली येत होता. बोटावर तो आदळला, पण त्यानंतर हातात राहिला नाही. सर्वेशचा डावा हात खांद्यातून झटकन मागे गेला, जणू कुणी दोरीनं ओढला. तोंड उघडलं, आवाज यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा तो माणसाचा नव्हता. तो पडला. टाचा साकवाच्या फळ्यांवर थाडथाड आपटू लागल्या. मोडलेल्या हाडांचं, फुटलेल्या तोंडाचं, भीतीचं, समोर गुडघ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या शरीरात जे जे होतं ते सगळं एका दंडातून त्याच्यात शिरत होतं. केतननं केस सोडले, आपला पट्टा ओरबाडून काढला आणि पळाला. बाकीचेही पळाले. पडद्यावरचे हात जोडणारे क्षणभर थांबले. मग कुणी तरी विचारलं, हे खरंय का.

सर्वेशचे ओठ निळे पडत होते, दात करकरत होते, जिभेतून रक्त आलं होतं. पट्टा काढायला त्याचा दुसरा हात वळत नव्हता. हे मी केलं, एवढंच प्रमिलाला कळत होतं, आणि डोळे बाजूला वळत नव्हते.

अनंतबुवा सरपटत गेले. दोन्ही हात निकामी होते, म्हणून ते कोपरांवर सरपटले. भाच्याच्या अंगावर आडवे पडले, त्याचा उडणारा दंड छातीखाली दाबला आणि दातांनी पट्टा धरला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी मान झटकून तो तोडला आणि व्हाळात थुंकला. मग ते तिथेच पोरावर डोकं टेकून पडले. कुणी तरी कठड्याला टेकवून ठेवलेला फोन त्या झटापटीत फळ्यांवर आडवा झाला होता, त्यात बराच वेळ नुसतं झाडांमधलं आभाळ दिसत होतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात दोघं एकाच मजल्यावर होते. अनंतबुवांच्या चार बोटांची हाडं तारांनी बांधली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जेवता येईल, सही करता येईल. पेटीचं कुणी विचारलं नाही. सर्वेशच्या दाराशी पोलीस शिपाई खुर्ची टाकून बसला होता. सर्वेशचा डावा हात हलत नव्हता आणि दुखणं जात नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी प्रमिलाला बाकावर बसवून समजावलं. नस एकदा इतकी पेटली की ती दुखणं पाठ करते. पट्टा गेला तरी ती ते म्हणत राहते. महिने लागतील, कदाचित वर्ष. औषधांना मर्यादा आहे. पण कंपनीनं रुग्णालयांसाठी खास पट्टे पाठवले आहेत, त्यांतून घरच्यांना दुखणं वाटून घेता येईल. घेणाऱ्याला धोका नाही, कुलूप नीट आहे. सही केली की झालं.

बातमी लगेच पोचली. आया आल्या, डबे घेऊन. उज्ज्वला पुढे होती, तिचा केतन पोलिसांच्या ताब्यात होता.

“आमी सगळ्यो घेतंव गो,” ती म्हणाली. “थोडा थोडा घेतला तर काय जाणवाचा पण नाय. पोर कळवळता.”

अनंतबुवाही भिंतीला खांदा टेकत खोलीतून आले. दोन्ही हात पांढऱ्या बंडलांसारखे छातीशी धरलेले.

“माका पण बांध एक,” ते म्हणाले. “भाचो आसा माझो. दिलीपाक काय सांगू मी?”

प्रमिलानं भावाकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे.

“तुझो वाटो झालो, दादा,” ती म्हणाली. “आता कोणी घेवचो नाय.”

“पमे, असा काय करतंस? आवस मां तू?”

“म्हणान.”

उज्ज्वलानं तिच्याकडे असं बघितलं की प्रमिलाला कळलं, ही पुन्हा आपल्या अंगणात कधी पाय ठेवणार नाही. डबे बाकावर ठेवून आया एकेक करून जिन्यानं उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी न भरलेला कागद परत घेतला.

प्रमिला खोलीत गेली. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. सर्वेश छताकडे बघत होता, ओठ चावून चावून सुजलेले. तिला बघून त्याचे डोळे तिच्या दंडाकडे गेले. दंडावर पट्ट्याचा पांढरा वळ होता, बाकी काही नाही.

“तू काढलंस,” तो म्हणाला.

“होय. मीच काढलंय. सगळ्यांका पण मीच काढूक सांगितलंय.”

दुखणं आलं की त्याच्या मानेच्या शिरा ताठ होत आणि कपाळावर घाम फुटे. ती पुसत होती.

“बाहेर इल्ल्यो मां सगळ्यो? बांधूक सांग मां गो. थोडोच वाटो. तू एकट्यान घेतलंस तरी चालात.”

“नाय.”

“आये, तुका कळणा नाय किती दुखता ता.”

“नाय कळत,” प्रमिला म्हणाली. तिनं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसली. “आता माका कायच कळत नाय. तू सांग.”

सर्वेशनं मान फिरवून तिच्याकडे बघितलं. आईला कधी काही सांगावं लागलं नव्हतं त्याला. त्यानं खांद्यापासून सुरुवात केली. खांद्यात सुया आहेत, कोपरात आग आहे, तळहाताचं काही समजतच नाही. ती ऐकत राहिली. बोटांपाशी येऊन तो अडला. मग डोळे मिटून, ती विचारत नसतानाही, मामाचं पहिलं बोट मोडलं तेव्हा आवाज कसा आला ते तो सांगू लागला.